डबा नको म्हणालो, त्याची गोष्ट

मावशी भेटली की आधी तुमचा दंड दाबून बघायची. दोन बोटांनी, बाजारात भोपळा बघावा तसा. मग निकाल द्यायची, "अंगावर मांस न्हाई तुमच्या. खात जा जरा." कळमनुरीत माझं औषधांचं दुकान होतं. तिथे गिऱ्हाइकांसमोर हा निकाल तिने मला किती वेळा ऐकवला असेल, मोजदाद नाही.

बाळ-बाळंतिणींना मालीश करून न्हाऊ घालणं हे तिचं काम. अशी एक बाई तुमच्याही गावात असणारच. पण आमच्या मावशीचे हात काही वेगळेच. पाय पसरून बसायची, लेकरू पालथं घालायची, आणि रडून आकांत मांडलेलं पोरगं दोन मिनिटांत गप. माझी दोन्ही मुलं तिच्याच पायांवर न्हाली. ती दांडगट निघाली याचा दोषही मी तिच्या मालिशीलाच द्यायचो, आणि ती खूश व्हायची.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिला कावीळ झाली आणि ती पुरती गेलीच नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी लिव्हर कडक झालंय म्हणून सांगितलं. दारूच्या थेंबाला न शिवलेली बाई. "भाऊ, पिणारे सारे धडधाकट हिंडून राहिले, आन् मलाच काहून?" असं मला विचारायची. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली प्रोटीन पावडरचा डबा लिहिला होता. दुधातून, दोन वेळा.

आता माझा स्वभाव सांगतो. ताकदीचे डबे लोकांच्या गळ्यात मारणाऱ्या दुकानदारांचा मला भारी राग. आपण तसे नाही, याचा केवढा तोरा होता मला! शिवाय काविळीचं पथ्य आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ. दूध नको, डाळ नको, अंडं तर नकोच नको. मी म्हणालो, "मावशी, डबा राहू द्या. लिव्हरवर भार येतो. तुमी पथ्य बराबर पाळा."

तिने पाळलं. भाकरी, ताक, उकडलेला दुधी. दिवस मावळला की तोंडात काही नाही. वर्षभरात दंड वाळून गेले, पोट तेवढं पाण्याने फुगलं. लोकांची लेकरं घेणं तिने सोडलं. सेनगावला दिलेल्या लेकीला लग्नानंतर आठ वर्षांनी दिवस गेले होते. त्या बाळाला आपल्या हातांनी न्हाऊ घालायचं, एवढी एकच इच्छा उरली होती. तेवढं झालं की मग हात गेले तरी चालतील, म्हणायची.

तिच्याकडे बघवेना, म्हणून मीच तिला पुन्हा नांदेडला नेलं. डॉक्टर तिचे दंड बघून भडकले. लिव्हर असं झालं आणि खाणं तोडलं की शरीर स्वतःचंच मांस खातं, म्हणाले. दूध, डाळ, अंडी हवीतच; रात्री उपाशीपोटी झोपायचंच नाही. मग त्यांनी विचारलं, डबा कुणी बंद केला?

मी तिच्या मागेच उभा होतो. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"कुणी न्हाई, सायेब. मलाच त्याची चव रुचली न्हाई."

आणि मी गप्प बसलो. अहो, 'मी सांगितलं' एवढंच तर म्हणायचं होतं. डॉक्टर फार तर चार शब्द बोलले असते. येताना एसटीत मी खिडकीबाहेर बघत बसलो. ती मात्र बाळाच्या टोपड्याला कापड कोणतं घ्यावं, हेच विचारत होती.

दुसऱ्या दिवसापासून डबे मी स्वतः तिच्या घरी पोचवू लागलो. ती नेमाने प्यायची. चेहऱ्यावर जरा तरतरी आली, पण दंड काही भरले नाहीत. फार उशीर झाला होता. बाळंतपणाला लेक माहेरी आली, मुलगी झाली. बाळ मावशीच्या पायांवर ठेवलं, तर तिला ते पालथं करता येईना. हात थरथरायला लागले, आणि लेकीने घाबरून बाळ उचललं. शेवटी शेजारणीने न्हाऊ घातलं. मावशी बाजूला बसून नुसती सांगत राहिली, मान धर, टाळूवर तेल जिरव. मी दारातूनच परत फिरलो.

दोन महिन्यांनी मावशी गेली.

तिची नात शाळेत जायला लागली होती, तेव्हाची गोष्ट. बाजाराच्या दिवशी लेक भेटली. पोरीला पुढे करून म्हणाली, "पाया पड या आजोबांच्या. तुझ्या आजीला यांनी शेवटपर्यंत जपलं."

पोर वाकली. मी पाय मागे घ्यायला हवे होते. घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठी हो म्हणालो.