नेवरेकर आणि मिठाभोवतीचं पाणी

नेवरेकरांना कुणी पाणी दिलं की ते आधी त्यात चिमूटभर मीठ टाकत, पेला उजेडात धरून मीठ विरघळेपर्यंत बघत आणि मग म्हणत, "गेलं नाही हं कुठे. पाण्याने वेढलंय त्याला." पहिल्या भेटीत आमच्या आईला वाटलं, हा गृहस्थ स्वतःचीच दृष्ट काढतोय.

सत्तरच्या दशकात भाईंदरला आमच्या चाळीत ते शेजारी राहायला आले. मूळचे रत्नागिरीकडचे, मुंबईत कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. चाळिशी उलटल्यावर त्यांनी डॉक्टरेटचं खूळ डोक्यात घेतलं होतं. मिठाचे कण पाण्यात सुटे झाले की पाण्याचे रेणू त्यांच्याभोवती कसे उभे राहतात, हे कॉम्प्युटरकडून आकडेमोड करून घेऊन बघायचं. "सोडियमसमोर पाणी ऑक्सिजन पुढे करतं, क्लोराइडसमोर हायड्रोजन. माणसासारखंच हो, समोर कोण आहे ते बघून वागतं!" हे ते भाजी निवडणाऱ्या बायकांनाही सांगत. त्यांची बायको, आमच्या सुमनवहिनी, कपाळाला हात लावत.

कॉम्प्युटर मुंबईच्या एका संस्थेत होता. आकडे भोकांनी मांडलेली कार्डं त्याला भरवायची आणि त्यासाठी महिनोन्महिने नंबर लावून बसायचं. हे उत्तर जगात अजून कुणी काढलेलं नाही, आपण पहिले, म्हणूनच डॉक्टरेट मिळणार, असा नेवरेकरांना भरवसा होता. नंबर लागला तो नेमका ऐन श्रावणात. आमच्याकडे तेव्हा डब्यातले पापडही मऊ पडत. कार्डं कोरडी राहावीत म्हणून या विद्वानाने काय करावं? समोरच्या मिठागरातलं जाडं मीठ फडक्यात बांधून कार्डांच्या ट्रंकेत ठेवलं! मीठ ओल शोषून घेईल, हा अंदाज.

निघायच्या दिवशी सकाळी ट्रंक उघडली तर पुरचुंडीला पाणी सुटलेलं आणि कार्डं फुगून एकमेकांना चिकटलेली.

"मीठ पाणी ओढतं हे मला ठाऊक होतं," ते पुरचुंडी पिळत म्हणाले. "ओढून ठेवतं कुठे, हा विचारच केला नाही."

शेजारच्या मेरीबाई भाईंदरजवळच्याच डोंगरी गावच्या कोळीण. "मास्तर, आमी बोंबील सुकवतो, मंग ह्ये कागद न्हाय सुकणार?" म्हणत त्यांनी व्हरांड्यातल्या दोरीवर कार्डं टांगायला घेतली. कार्डं सुकली, पण वाकडी झाली, मशीन ती घेईना. सगळी नव्याने पाडून घेणं आलं, पुन्हा नंबर लावणं आलं.

उत्तर यायला वर्ष उलटलं. कागदांचं भेंडोळं घेऊन नेवरेकर त्यांच्या गाईडकडे गेले, तर गाईडने परदेशातून आलेलं एक मासिक पुढे केलं. तेच उत्तर, नुकतंच छापलेलं.

संध्याकाळी ते घरी आले ते रवा-साखर घेऊनच. चाळभर शिरा वाटला.

"पयला नंबर आला ना, मास्तर?" मेरीबाईंनी विचारलं.

"नाही बाई, दुसरा. डॉक्टरेट गेली."

"मंग शिरा कशाला?"

"अहो, त्यांचं आणि आपलं जुळलं! म्हणजे पाणी खरंच तसं उभं राहतं!"

चेहरा असा फुललेला की मला क्षणभर त्यांचा रागच आला. सुमनवहिनी पदराने डोळे पुसत वाट्या भरत होत्या. मी वाटी बाजूला ठेवली, तरी नेवरेकर आपले आग्रह करत होते, "घ्या हो, अजून घ्या."