दंडावरचा पट्टा

"आधी पट्टा बांधू, मग बघू," हे आमच्या डॉक्टरांचं पहिलं वाक्य. समोर म्हातारं माणूस बसलं की त्याच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधायचा, आकडा बघायचा, हवा सोडायची. पट्टा काढायचं मात्र विसरून ते बोलत बसायचे. निदान मला, त्यांच्या नर्सला, ते विसरणंच वाटायचं.

सत्तरच्या दशकातलं सोलापूर. आमचे डॉक्टर मनाचे, आणि तेव्हा मनाचा डॉक्टर म्हणजे वेड्यांचा डॉक्टर! त्याच्या दारात कुणी दिसलं की नवी पेठेपर्यंत बोभाटा. तुम्हाला काय सांगायचं, आपली माणसं तुम्हीही ओळखता. म्हणून म्हातारी मंडळी 'बीपी दाखवायला' यायची आणि डॉक्टरही ते सोंग आनंदानं सांभाळायचे.

एकदा करमाळ्याच्या एका आजींना मुलगा घेऊन आला. तो इथं गिरणीत होता. वडील गेल्यावर आईला गावाहून घेऊन आला, तेव्हापासून ती ना बोलत होती, ना धड जेवत होती.

"वेड्यांच्या इस्पितळात ठिवायची चिठ्ठी द्या, साहेब. आमाला बगवंना," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

"चिठ्ठी कुठं पळून चाललीय? आधी पट्टा बांधू."

पट्टा बांधून डॉक्टर आजींशेजारी बाकावर बसले. काही विचारलं नाही, नुसता हात धरून राहिले. बाहेर रांग कुरकुरत होती. बऱ्याच वेळानं आजी बोलल्या, "ह्ये बी असाच हात धरायचं. जत्रंत. मी हरवीन म्हणून." आणि घळाघळा रडल्या.

चिठ्ठी मिळाली, पण गोळ्यांची. मुलाला सांगितलं, "रोज संध्याकाळी आईजवळ घटकाभर बसायचं. तेही औषधच."

आजी जेवायला लागल्या. दर खेपेला मला सांगायच्या, "पट्टा लई गुणाचा हाय, बाई. आतलं समदं वढून घेतो की!" मी खुलासा करायला तोंड उघडलं, तर डॉक्टरांनी डोळ्यांनीच गप्प केलं. तेव्हा कळलं, हा माणूस काहीच विसरत नव्हता.

पुढं डॉक्टर अचानक गेले. नवे डॉक्टर हुशार, कामाला चपळ. त्यांनी आजींचा पट्टा झटकन काढला. "बीपी उत्तम आहे, आजी." आजींनी हात मागं घेतला नाही.

"आन् आपले डागदर?"

मी सांगितलं. आजींनी माझा हात धरला. मग म्हणाल्या, "पट्टा नसला तरी चालंल. तू बस की गं जरा."

मी बसले. त्या दिवशी दोघी रडलो.

आता माझंही बीपी मोजतात. नर्स पोरगी पट्टा सोडते, "छान आहे, आजी," म्हणते आणि पुढच्या माणसाकडं वळते. डॉक्टरांची फार आठवण येते. हात मी थोडा वेळ तसाच टेबलावर ठेवते.