रात्रीच्या गोळ्या आणि अव्वाची म्हैस

अव्वा म्हणजे माझी आई. आमच्या जैन घरात आईला अव्वाच म्हणायची पद्धत. वडील गेल्यावर ती कोडोलीत एकटी राहायची, सोबतीला एक म्हैस. मी आणि धाकटा भाऊ कोल्हापुरात नोकरीला होतो.

दोन हजार साल उलटून गेल्यावरची गोष्ट. अव्वाच्या अंगावर सारखं पित्त उठायला लागलं आणि झोपही उडाली. भावाने तिला शहरातल्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी खाजेची एक आणि झोपेची एक अशा दोन गोळ्या रात्री घ्यायला सांगितल्या. खाज थांबली, पण अव्वा बदलली. बोलताबोलता तिचा डोळा लागायचा. दूध उतू जायचं. एकदा शेजारणीला तिने माझ्या नावाने हाक मारली.

भाऊ घाबरला. "आक्का, एक दिवस गॅस उघडा ठेवून झोपंल ती. मग काय करणार हायस?"

म्हैस विकायची, घराला कुलूप लावायचं आणि अव्वाला भावाच्या फ्लॅटवर न्यायचं, असं ठरलं.

अव्वा त्याला म्हणाली, "माझी म्हस तुझा जिना चढंल व्हय?" एवढं बोलून तिने भिंतीला डोकं टेकलं आणि पेंगू लागली.

मलकापूरचं एक गिऱ्हाईक रविवारी म्हैस बघायला येणार होतं. काय न्यायचं, काय कुणाला द्यायचं, याची यादी करायला मी शनिवारीच कोडोलीला गेले. यादी केल्याशिवाय मला काम सुचत नाही.

रविवारी सकाळी अव्वाने धार काढली, आंघोळ करून बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला जाऊन आली. हिशेबाने बोलत होती, मी भांडी नीट घासत नाही म्हणून टोमणाही मारला. ही बाई पेंगते कधी, असं मला वाटायला लागलं. एवढ्यात ऊन अंगणात आलं. तिने तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि दोन्ही गोळ्या तोंडात टाकल्या.

"अव्वा, त्या रात्रीच्या आहेत ना?"

"व्हय की. रातच्याच."

"मग आत्ता का घेतल्यास?"

"दिवस बुडल्यावर मी तोंडात पाणी घालत न्हाई, तुला म्हाईत न्हाई? रातची ऱ्हायलेली सकाळी घेती. एक बी चुकवली न्हाई बघ."

तिच्या चेहऱ्यावर शहाण्या विद्यार्थिनीचं समाधान होतं. भाऊ स्वतः रात्री दहाला जेवतो. अव्वाचं खाणंपिणं सूर्यास्तालाच बंद होतं, हे डॉक्टरांना सांगायचं त्याला सुचलंच नव्हतं.

मी कोपऱ्यावरच्या दुकानातून डॉक्टरीणबाईंच्या घरी फोन लावला. त्या आधी हसल्या, मग गंभीर झाल्या.

"हिस्टामिनमुळे अंगाला खाज सुटते, तेवढंच आपल्याला ठाऊक असतं. पण मेंदूत तेच हिस्टामिन माणसाला जागं ठेवतं. दिवसा त्याचं काम जोरात चालतं. झोपेची गोळी ते सोडणाऱ्या पेशींना गप्प करते. खाजेची ही जुनी गोळी मेंदूत शिरते आणि उरलेल्या हिस्टामिनला दाद मिळू देत नाही. हाक मारणाऱ्याचं तोंड दाबायचं आणि ऐकणाऱ्याचे कानही झाकायचे, तसं झालंय. या वयात गोळीचा अंमलही लवकर उतरत नाही. दिवसभर त्या जाग्या राहतील कशा?"

मी विचारलं, "म्हणजे विसराळूपणा म्हातारपणाचा नाही?"

"ते गोळ्या बदलल्यावर बघू. झोपेची एकदम बंद करू नका, हळूहळू उतरवू. उद्या घेऊन या. आणि आज त्यांना चुलीजवळ जाऊ देऊ नका."

घरी आले तर गिऱ्हाईक अंगणात उभं आणि अव्वा कट्ट्यावर झोपलेली. मी त्यांना सांगितलं, "पावणं, महिनाभर थांबा. आत्ता काही विकायचं नाही."

संध्याकाळी फोनवर भाऊ चिडला. "गिऱ्हाईक परत पाठवलंस? एका गोळीवर एवढा भरवसा?"

"भरवसा नाही. बघायचं ठरवलंय."

डॉक्टरीणबाईंनी खाजेची गोळी बदलून दिली. नवी मेंदूत फारशी शिरत नव्हती. झोपेची गोळी कमी करत नेली, तीही दिवस बुडायच्या आत, शेवटच्या पाण्याबरोबर घ्यायची. मी रजा टाकून कोडोलीत राहिले. पहिले काही दिवस फरक कळला नाही. मग एका दुपारी मला डुलकी लागली आणि जाग आली ती अव्वाच्या आवाजाने. आमच्या म्हशीचं दूध न्यायला आलेल्या दूधवाल्याशी ती मापावरून भांडत होती. पुढच्या रविवारी भाऊ येऊन असंच एक भांडण ऐकून गेला, आणि घराला कुलूप लावायचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

मलकापूरचे पाहुणे सांगितल्याप्रमाणे महिन्याने आले. दारातूनच त्यांनी मला हळूच विचारलं, "म्हातारी शुद्धीवर हाय का?"

आतून अव्वाच बाहेर आली. "हाय की, चांगली हाय. म्हस इकायची न्हाई, पावणं. आलाय तर च्या पिऊन जावा. दूध घरचंच हाय."