डाग पडला की पेढे

आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंइतकी अंधाराची हौस असलेलं माणूस अख्ख्या पुण्यात दुसरं नसेल. लोक जागा घेताना उजेड कुठून येतो ते बघतात. या पन्नाशीच्या बाई नारायण पेठेत आमच्या इमारतीत जागा बघायला आल्या, त्या थेट मोरीत शिरल्या, दार लावून घेतलं आणि आतून ओरडल्या, "वा! फटीतूनसुद्धा उजेड येत नाही!" जागा तिथेच ठरली. तेव्हा आमची ही होती. ती म्हणाली, "बाई हुशार दिसतात." मी म्हणालो, "वेडसर दिसतात." आमचा संसार सगळा असाच चालला.

मी धंद्याने रंगारी. चौथीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही, साड्या आणि फेटे रंगवण्यात जन्म गेला. बाई पाषाणच्या कुठल्याशा प्रयोगशाळेत. पहिल्याच दिवशी जिन्यात म्हणाल्या, "काका, मीही रंगारीच." मला बरं वाटलं. विचारलं, "सुती की रेशमी?" म्हणाल्या, "मासे." माशाचं काचेसारखं आरपार पिल्लू असतं, नखापेक्षा लहान, त्याचं काळीज त्या रंगवतात म्हणे. रंग असा की काळजालाच धरतो, शेजारी कशाला शिवत नाही. मला पटलं नाही. माझा रंग कापडाआधी माझ्या हाताला धरायचा. बरं, तो रंग नुसता दिसतही नाही. अंधार करायचा, निळा उजेड टाकायचा, मग तो हिरवा दिसतो. निळा टाकून हिरवा! गिऱ्हाइकाला असं सांगितलं असतं तर साडी तोंडावर फेकली असती. त्यावर कडी म्हणजे, जास्त वेळ बघितलं तर तो उडतो. "धुतल्याने?" मी विचारलं. "नाही हो, बघितल्याने. ज्या उजेडात दिसतो तोच उजेड त्याला खातो." मी घरी येऊन हिला हे सांगितलं. दोघांनाही काही केल्या समजेना.

सगळ्या गोंधळाचं मूळ एक शब्द. प्रयोगशाळेतल्या कसल्याशा इंग्रजी शब्दाचं मराठी करून बाई रंगवण्याला 'डाग' म्हणतात. काम जमलं की "आज डाग फार सुंदर पडला!" असं ओरडत जिना चढतात आणि दारोदार पेढे देतात. रंगाऱ्याच्या दारात डागाचे पेढे! आमच्या धंद्यात डाग पडला की गिऱ्हाईक गेलं.

पर्समध्ये जांभळ्या उजेडाचा टॉर्च कायम. मंडईत ओढणी डोक्यावरून घेऊन केळ्यांवर टॉर्च मारतात. पिकलेलं केळं निळसर दिसतं म्हणे. केळीवाल्याला वाटलं करणी करतायत, त्याने दोन केळी जास्त देऊन वाटेला लावलं. एकदा सत्यनारायणाला ऐन कथेत लाइट गेली. बाईंनी टॉर्च लावला तर गुरुजींचं उपरणं निळं लखलखलं. बायका हात जोडायला लागल्या. बाई म्हणाल्या, "चमत्कार नाही, साबणाची पावडर आहे." गुरुजी अजून बोलत नाहीत.

आता हिचं. हिला एकच खोड, हळदीचे हात पदराला पुसायचे. मी आयुष्यभर ओरडलो, "रंगाऱ्याची बायको, आणि पदराला डाग!" ती म्हणायची, "राहू द्या हो, कोण बघतंय." गेल्या पावसाळ्यात ती दवाखान्यात होती. घरी आल्यावर स्वच्छ नेसेल म्हणून मी तिची मोतिया रंगाची सुती साडी उकळली. साबणाने हळद लाल झाली, मग गेली. डाग नावाला उरला नाही. दोरीवर घालतो तोच फोन आला. तशीच ओली ओढून घरात टाकली, नंतर कधीतरी पेटीत गेली. ती नेसायला काही आली नाही. आणि तिच्या हाताची घरातली एकुलती एक खूण मी स्वतःच्या हाताने घासून काढली होती. हे मी कोणाला बोललो नाही.

एका दुपारी बाई पेढे घेऊन आल्या, तर मी ती साडी मांडीवर घेऊन बसलेला. विचारलं, तेव्हा सांगून टाकलं. त्यांनी पेढे बाजूला ठेवले.

"उन्हात वाळवलीत? हळद साबणापेक्षा उन्हाने उडते."

"ऊन कुठलं? फोन आला ना."

"मग उठा. मोरीत चला."

"अहो बाई, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील काका कोंडले. उठा."

दार लावलं, टॉर्च लागला. सगळी साडी निळी. "हा तुमचा साबण," बाई म्हणाल्या. मग पदर हातात घेतला. टोकाला पोपटी उजेडाची चार बोटं होती, हळदीची. जरा बाजूला अंगठा.

"काका," बाई हळूच म्हणाल्या, "तुमची धुलाई कच्ची."

उभ्या जन्मात असं कोणी म्हटलं असतं तर त्याला जिन्यावरून लोटला असता. मी म्हणालो, "पुन्हा म्हणा."

"कच्ची."

मी माझी बोटं त्या बोटांवर ठेवायला गेलो आणि थांबलो.

"बंद करा तो टॉर्च."

"का हो?"

"उडेल."

त्यांनी बंद केला. अंधारातच मी पदराची घडी घातली. बाहेर कोणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता.

बघितल्याने रंग कसा उडतो, हे मला अजून कळलेलं नाही. पण पेटी मी उघडत नाही. कधी जिन्यात बाई विचारतात, "काका, बघायचं का एकदा?" मी म्हणतो, "राहू दे."

त्या दुपारच्या दुसऱ्या दिवशी मात्र मी वर गेलो होतो, आयुष्यात पहिल्यांदा. बाईंनी दार उघडलं, हातातला पुडा बघितला.

"कसले पेढे, काका?"

"डाग राहिला," मी म्हणालो.