हौसाआजीची अर्धी तुळस

पेडण्यापासून डिचोलीपर्यंतच्या निम्म्या सासवांच्या अंगावर हौसाआजीची सुई फिरलेली आहे. कुणाच्या हनुवटीवर ठिपका, कुणाच्या कपाळावर चंद्रकोर, कुणाच्या हातावर तुळशीवृंदावन. आणि ही बाई स्वतः सुईला घाबरते, हे मला कळायला तीस वर्षं लागली. मी उपकेंद्रातली नर्स, आता निवृत्त. सुईला घाबरणारं माणूस दारातूनच ओळखते असा माझा तोरा होता. तो तिने साफ उतरवला.

आमची ओळख भांडणातून झाली. हौसाआजीचं घराणं गोंदणाऱ्यांचं, मूळचं बेळगावकडचं, गावोगाव फिरणारं. लग्नानंतर ती मयेला येऊन राहिली. एकदा धनगरवाड्यावर मी लसी द्यायला गेले, तर ही एकाच जुडीच्या सुयांनी ओळीने पाच बायकांना गोंदत बसलेली. माझं डोकं फिरलं. मी जुडी उचलली आणि सरळ चुलीत टाकली. तिने मला जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण दुसऱ्या दिवशी उपकेंद्राच्या पायरीवर बसून होती. "नर्सबाय, सुया कशा उकळायच्या त्ये दाखीव," म्हणाली. त्या दिवसापासून तिने दर बाईला नवी सुई वापरली, आणि काम झालं की ती सुई त्या बाईलाच देऊन टाकायची. कितीतरी बायकांच्या पेटीत त्या सुया अजून हळदकुंकू लावून ठेवलेल्या आहेत.

तर तिचं गुपित. रक्तदाब बघायचा असला की ती नेहमी उजवा हात पुढे करायची. डावा हात कायम कोपराखाली येणाऱ्या बाहीत. गेल्या श्रावणात उजव्या हाताला गांधीलमाशी चावली आणि तो टम्म सुजला. मी म्हटलं, "आजी, दुसरो हात दी." नाही म्हणाली. मग मीही हट्टाला पेटले आणि बाही वर सारली. खाली वृंदावनाचा चौथरा, त्यातून निघालेली एक तिरकी रेघ, तिच्या डाव्या अंगाला दोन फांद्या. उजवीकडे काहीच नाही.

"आई आळशी हुती," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "हात बी वाकडा तिचा. अर्धं करून सोडून दिलं."

गोंदणाऱ्या घरातल्या बाईने अंगावर अर्धं गोंदण वागवावं, ही तिच्या लेखी मोठी नामुष्की. सोनंनाणं सगळं इथेच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं, हे ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आलेली. आता सत्तरी गाठल्यावर तेच तिला छळू लागलं होतं. "वर गेल्यावर आईला काय दावू? ही अर्धी तुळस?" असं म्हणताना तिचे डोळे भरून आले, आणि मला पहिल्यांदा त्या बाईची दया आली.

तुळस पुरी करायची तर हात घरातलाच हवा, असा तिच्याकडचा नेम. घरात उरली एकटी नात, अमृता. ती हरमलला पर्यटकांच्या टॅटूच्या दुकानात काम करते. ड्रॅगन, गिटार, कुणाच्या कुत्र्याचं तोंड, सगळं यंत्राने काढते. हातसुई तिने कधी धरली नव्हती. आजी म्हणे यंत्र नको, नात म्हणे काजळीची शाई नको. शेवटी मी पंच झाले: सुई हाताची, शाई अमृताच्या सीलबंद बाटलीतली, हातात मोजे. दुकानाचा हंगाम सुरू होण्याआधी, गणपतीची चवथ झाल्यावरचा शुक्रवार ठरला. महिनाभर अमृता संत्र्यांच्या सालीवर आणि मग स्वतःच्या मांडीवर सराव करत होती.

शुक्रवारी सकाळी मी आणि अमृता गेलो तर आजी घरात नाही. म्हापशाच्या बाजाराला गेली, शेजारच्या यशोदाने सांगितलं. संध्याकाळी सुकी मासळी आणि लाल मिरच्या घेऊन परतली. "बस चुकली," म्हणाली. सकाळपासून अकरा बस गेल्या होत्या. पुढच्या वेळी तिला ताप आला. मी थर्मामीटर लावला, ताप नव्हता.

तेव्हा यशोदाने डोकं चालवलं. आजीकडून गोंदून घेतलेल्या बायकांना तिने निरोप धाडले. रविवारी अंगणात वीसेक जणी जमल्या. डबे, चहाची किटली, उंडे पाव, सगळं घेऊन आल्या. आजीला मध्ये बसवलं आणि भोवती कडं केलं, म्हणजे पळायला वाटच नको. गोंदताना बाईचं दुखणं विसरायला लावायचं म्हणून आजी गाणी म्हणायची. आयुष्यभर तिने ती दुसऱ्यांना ऐकवली. आज पहिल्यांदा ती तिच्यासाठी म्हटली गेली, जरा बेसूर, पण ठसक्यात.

अमृताने काडीने रेघ आखली आणि पहिली सुई टोचली.

"आई गं," आजी ओरडली.

"हालू नको," वीस जणी एका सुरात म्हणाल्या. हे तिचंच वाक्य, तिच्याच खणखणीत आवाजात. हनुवटीला ठिपका असलेली एक म्हातारी म्हणाली, "माका गोंदताना माझ्या पाठीत धपाटो घातलो होतो गो हिने." आजीलाही हसू आवरेना, आणि हसताना हात हलू नये म्हणून दोघींनी तो घट्ट धरून ठेवला. तासाभरात तुळस पुरी झाली. उंड्यांचा फडशा पडला. मी इतकी हसले की बरगड्या दुखल्या.

पुढचे पंधरा दिवस मात्र नातीचं राज्य होतं. साध्या साबणाने हलक्या हाताने धुवायचं, टिपून कोरडं करायचं, ऊन लागू द्यायचं नाही, तळ्यावर धुणं धुवायला जायचं नाही. "खाजयलंस तर रंग जातलो, आजी." आजीने हळद लावायचा हट्ट धरला, तो मी मोडून काढला. चौथ्या दिवशी ती बोटभर काथ्याने खपली घासताना सापडली. अमृताने तिच्या उजव्या हाताला लगेच पायमोजा चढवला. तो घालून आजी दारात बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नातीची गाऱ्हाणी सांगायची. मला तर वाटतं, त्या दिवसांत ती आयुष्यात सगळ्यात खूष होती.

खपल्या पडल्या. नवी बाजू काळीभोर, सरळ, प्रत्येक पान मोजून घेतल्यासारखं. जुनी बाजू हिरवट झालेली, आणि मधली ती रेघ तिरकीच. अमृताला ते बघवेना. तिने नवी सुई काढली.

"आजी, तुझ्या आईची ही रेघ वाकडी दिसता. हांगा जरा भरतंय, म्हणजे सरळ होतली."

आजीने झटक्यात हात मागे घेतला.

"आईचा हात वाकडा न्हवता," ती म्हणाली. "मीच हिसडा दिला. नऊ वर्सांची हुते, रडून गाव गोळा केला. तर तिनं सुई खाली ठिवली. म्हणाली, तू सांगशील तवा पुरी करीन. मरंपातूर वाट बघितली तिनं. मी सांगितलंच न्हाई. उलटं तिलाच आळशी म्हणत ऱ्हायले."

तिने उजव्या हाताच्या बोटाने ती रेघ खालपासून वरपर्यंत गिरवली.

"ती रेघ ऱ्हाऊ दे," आजी म्हणाली. "आई गेली तवा मी पोर हुते. आता वर गेल्यावर ही म्हातारी समोर आली तर तिला कशी वळखू येईल? त्या रेघंवरनंच वळखंल."

अमृताने सुई बाजूला ठेवली. मग थोडं खोबरेल घेऊन तिने आजीच्या हातावर हळूहळू चोळलं, नव्या पानांवर आणि त्या वाकड्या रेघेवरही.