बावीस लिटर सातू

बायबलातल्या एका गरीब विधवेला मी बावीस लिटर सातू वेचायला लावले. सातू हे धान्य आहे आणि धान्य कोणी लिटरने सांगत नाही, हे मला चाळीस वर्षं मास्तरकी करूनही सुचलं नाही. शहाद्यात बायबल पावरी बोलीत आणण्याचं काम चाललं होतं. त्यातली जुनी मापं आजच्या मापांत बसवायचं माझ्याकडे आलं, कारण मला हिशेब येतो असा गावात एक गैरसमज आहे. मापांच्या छापील तक्त्यात बावीस लिटर होतं, मी इमानाने उतरवून घेतलं.

चूक पकडली ती मापाडीकाकांनी. अख्ख्या सातपुड्यात मापावर इतकी श्रद्धा असलेला दुसरा माणूस निघायचा नाही. काका तोरणमाळकडचे पावरा. उभी हयात मार्केट यार्डात धान्य मापण्यात गेली, म्हणून बोलणं अहिराणी. आता यार्डात इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि काकांची लोखंडी पायली पिशवीत बसून त्यांच्याबरोबर हिंडते. मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचं, हा मापाड्यांचा रिवाज काकांनी संसारभर पसरवलेला. जिन्याच्या पायऱ्या लाभ, दोन, तीन. डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं, तर सकाळी लाभ, रात्री दोन. भाषांतराच्या बैठकीला काकाही असत; तिथे माणसं मोजायची तर दारापासून सुरुवात. म्हणून मी कायम दाराशी बसायचो. मला लाभ म्हणणारा आयुष्यात एवढाच माणूस भेटला. चहा काठापर्यंत नसला तर ते हॉटेलवाल्याला काही बोलत नसत, नुसते कपाकडे बघत बसत, तो येऊन भर घालेपर्यंत. मी एकदा माझी उंची पाच फूट सहा इंच सांगितली. काकांनी मला भिंतीला उभं करून वीत लावली आणि म्हणाले, "गुरजी, टोपीसंगे सांगी ऱ्हायनात का?"

पण या गोष्टीपुरते काका हसत नव्हते. डोंगरात त्यांची थोरली बहीण होती. आईबाप लवकर गेले, बहीण विधवा होऊन परत आली, आणि लोकांच्या कापणी झालेल्या वावरांत मागे पडलेली कणसं, म्हणजे सरवा, वेचून तिनं धाकट्या भावाला वाढवलं. आता तिला दिसत नव्हतं. सरवा वेचणाऱ्या त्या विधवेची गोष्ट बहिणीने आपल्या बोलीत ऐकावी, एवढंच काकांना हवं होतं. "तिले मापमा खोटं दिसनं, ते बाकीनं ती काय ऐकी?" ते म्हणाले.

तरी मी तक्त्याला चिकटून राहिलो आणि खर्ड्यात लिटरच गेले. खर्डा लोकांना वाचून दाखवायचा म्हणून आम्ही जीपने घाट चढलो. बहिणीच्या अंगणात काका वाचत होते. बावीस लिटरपाशी बहिणीने त्यांना थांबवून काहीतरी विचारलं. अंगण हसलं. काकांनी मला अहिराणीत करून सांगितलं, "ती इचारस, दाणा शेतस का राकेल?"

मी घाईने खोडून तेरा किलो केलं. पुन्हा हसू. "ती इचारस, वावरमा काटा कोन लई गयथा?"

पुढे गोष्टीत शेताचा मालक त्या विधवेच्या ओढणीत सहा मापं ओततो. माप कुठलं ते लिहिलेलं नाही. विद्वानांची भांडणं आहेत आणि मी त्यातलं सगळ्यात जड उत्तर उचललं होतं. माझं माप जवळपास पायलीएवढं भरत होतं; तशी सहा बाईला नेता येतात का बघायला काकांनी पिशवीतून पायली काढली. ज्वारीचं पोतं आलं, पोत्याचं तोंड धरायला मी. बहीण ओढणी पसरून उभी राहिली. लाभ, दोन, तीन. दर पायली काका तळहाताने सपाट करत आणि ओतत. सहाव्याला ओढणी ताणली गेली, पण म्हातारीने ती सोडली नाही. चाचपडत दारापर्यंत गेली, परत आली. एवढं नेता येतं, म्हणाली. मग हळू आवाजात आणखी काही बोलली. काकांनी तेही मला करून सांगितलं.

सरव्याच्या दिवसांत एका मालकाने तिच्याही ओढणीत असंच ओतलं होतं. किती, ते तिला आठवत नव्हतं. मापावर शीग होती, काठाच्या वर हाताने दाबून चढवलेली रास, तेवढं आठवत होतं. या गोष्टीतही शीग असणार, ती लिहा, असं तिचं म्हणणं.

मी लगेच विरघळलो. 'सहा मापं, शिगोशीग' असं लिहायला पेन्सिल टेकवली, तोच काकांचा तळहात कागदावर आला.

"मूळमा शे का?"

"नाही."

"मंग नही. शीग मालकनी ऱ्हास, मापाडीनी नही."

ज्या बहिणीने वाढवलं तिला हे सांगताना ते पायलीच्या काठावरून अंगठा फिरवत राहिले. तिनं मान हलवली. मी कुजबुजलो, "काका, तिच्यासाठी तरी. एवढीशी शीग कोण बघायला येतंय?"

आता बहीण नाही. छापायला जाणाऱ्या पानावर 'सहा मापं' एवढंच आहे. त्या ओळीशी आलो की माझी पेन्सिल अजून वळवळते आणि त्या दिवशीचं अंगण आठवतं. काकांनी माझी कुजबुजही बहिणीला जशीच्या तशी करून सांगितली होती. तिनं माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं आणि दोन वाक्यं बोलली. काय म्हणाली, मी विचारलं. काकांनी कधी कमी मापलं नाही, त्या दिवशीही नाही.

"ती म्हनस, ह्या गुरजीले पोतं धराले ठेव. माप हातमा देऊ नको."