दाजींचा बीपी, अक्काचा हात

आमचे दाजी रेवणसिद्ध म्हणजे गल्लीत देवमाणूस. शेंगाचटणी कुटून विकतात, कुणाच्या अध्यात न्हाईत, मध्यात न्हाईत. पण माझ्या बहिणीच्या, महादेवीअक्काच्या बाबतीत त्यांनी जे केलं ते आठवलं की मला अजून शिसारी येते.

मागल्या वर्षी दाजींचा बीपी वाढला. डॉक्टरांनी रोजची गोळी दिली आणि मीठ कमी करा म्हणाले. आता दाजी दिवसभर उखळापाशी, चिमूटभर चटणी तोंडात टाकून चव बघणार, ते कुठलं ऐकतात? त्यांची मुलगी अपेक्षा पुण्यात नोकरी करते. तिनं दंडाला पट्टा बांधायची मशीन घेऊन दिली आणि बजावलं, "पप्पा, रोज सकाळी आकड्याचा फोटो पाठवायचा. खाली आला न्हाई तर मी येऊन उखळच उचलून नेते."

पहिले काही दिवस आकडा चढाच होता. मग एकदम चांगला यायला लागला. पोरगी खूश. मीही म्हटलं, चला, माणूस सुधारला.

एकदा सकाळी विरजण मागायला गेले, तर पट्टा अक्काच्या दंडाला आणि दाजी मोबाइल धरून पुढं उभे.

"हे काय चाललंय?"

"हिचा लई चांगला येतो की," दाजी म्हणाले. "पोरीला तिकडं काळजी नको."

लाज न्हाय, शरम न्हाय. गोळी तरी घेता का म्हटलं, तर म्हणे, डोकं जड झालं की घेतो. डोंबल तुमचं. बीपी काय सांगून वाढतो होय? आणि अक्का हसून म्हणते, "जाऊ दे गं, माझा हात काय झिजतोय?" दाजींच्या लबाडीपेक्षा तिचं ते हसणं मला जास्त खुपलं.

थंडीत अक्काचं डोकं दुखायला लागलं. चुलीपुढनं उठलं की डोळ्यापुढं अंधारी येते म्हणाली, म्हणून तिला बघायला गेले. दाजींचा फोटोचा कार्यक्रम चालूच होता. वरचा आकडा आला एकशे अठ्ठ्याहत्तर. दाजींच्या कपाळाला आठ्या.

"सेल गेले वाटतं."

सेल बदलून परत बांधला. आकडा उलट वरच गेला.

"बिघडली मशीन. तू बस बघू."

मी बसले. माझा आला एकशे बावीस. दाजींचा चेहरा खुलला. "बरी हाय की मशीन," म्हणाले आणि माझ्या आकड्याचा फोटो काढून पोरीला पाठवूनसुद्धा दिला.

मशीन बरी हाय, तर मग अक्काचा आकडा खराच की. पण ते ह्या माणसाच्या डोक्यात शिरलंच न्हाय. अक्का भिंतीला टेकून कपाळ दाबत बसलेली.

"माझा किती आला हो?" तिनं विचारलं.

"तुला कुटं बीपी हाय?" म्हणत दाजी उखळाकडं गेले.

तोंडात थुंकी जमली माझ्या. पट्टा काढून भिरकावला आणि अक्काला धरून रिक्षात बसवलं. मागून दाजी विचारत होते, दुपारच्या भाकरीचं काय म्हणून. असल्या माणसाला जीव लावला हिनं जन्मभर.

डॉक्टरीणबाईंनी तिला पाठ टेकून गप बसवलं, बोलू दिलं न्हाय. हात टेबलावर ठेवून दोन्ही दंडांवर मोजला, थोड्या वेळानं परत मोजला. मग डोळे तपासले. लगेच गोळी दिली. आज आणलं ते बरं केलं म्हणाल्या, असंच चाललं असतं तर अंगावरनं वारं जाऊन एक बाजू लुळी पडली असती.

"बीपी याआधी कधी मोजला होता?" त्यांनी कागद पुढं ओढत अक्काला विचारलं.

अक्कानं पदर सारखा केला.

"न्हाय बाई, माझा कधीच न्हाय. रोज ह्यांचाच मोजत होतो."